धरणसाठा छापता, तसा पाण्याच्या तपासणीचा तक्ताही छापा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात रोज दोन तक्ते येतात. एक धरणांचा, काटेपूर्णा, वान, मोर्णा, निर्गुणा यांत किती टक्के साठा आहे त्याचा. दुसरा बाजार समितीचा, कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या भावांचा. मी दोन्ही वाचते. घरचं चार एकर रान आहे म्हणून भाव बघते, आणि नळाला पाणी वानचं येतं म्हणून साठा बघते. या दोन तक्त्यांशेजारी महिन्यातून एकदा तिसरा तक्ता छापावा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तो तक्ता कशाचा आणि तो का हवा, हे थोडक्यात सांगता येणार नाही, म्हणून पत्र लांबलं आहे. जमल्यास पूर्ण छापावं.

मी आरोग्य सेविका होते. बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतल्या उपकेंद्रांत. लसीकरण, बाळंतपणं, कुटुंबनियोजनाच्या केसेस हे सगळं होतंच, पण पावसाळा लागला की खरं काम पाण्याचं असायचं. टोकाच्या घरच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, ओटी (ऑर्थोटोलिडीन) या औषधाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का ते बघायचं. रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे जंतूंचा बंदोबस्त झालेला आहे. नाही आला, तर ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं. टोकाचंच घर का, तर टाकीजवळच्या नळाला क्लोरीन मिळतोच. पाणी पूर्ण गावातून फिरून, गळक्या जोडांतून आणि नालीतून गेलेल्या पाइपातून शेवटच्या घरी पोचतं, तेव्हा त्यात काय उरलं हे महत्त्वाचं. तिथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा दंडक आहे.

महिन्याचे नमुनेही आम्हीच घ्यायचो. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली येते. ती विसळायची नसते, कारण पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे थांबवण्यासाठी तिच्यात आधीच औषध घातलेलं असतं. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने शेकायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बाटली गळ्यापर्यंत न भरता थोडी जागा ठेवायची, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, आणि बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पाठवायची. आमच्याकडून ती बाटली दुपारच्या एसटीने अकोल्याला जायची. रासायनिक तपासणीचा कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायचा. हे बारकावे मुद्दाम लिहिते आहे. गावात कुणी नमुना घ्यायला आलं तर आपल्या पाण्याची बाटली तो कशी भरतो, हे लोकांना उभं राहून बघता यावं.

अहवाल यायला दिवस लागत. तोवर ते पाणी गावाने पिऊन टाकलेलं असे. अहवालात एक ओळ: गाव, स्रोत, तारीख, आणि शेवटी ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’. अयोग्य आलं की खाली ठरलेलं वाक्य, टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाकून पुनर्नमुना पाठवावा. तो कागद फायलीत लागायचा. बत्तीस वर्षांत असा एकही कागद मी चावडीवर मोठ्याने वाचलेला ऐकला नाही. मीही वाचला नाही. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. आज त्याची फार रुखरुख लागते.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा आहे. वरच्या अंगाला सातपुडा आणि खाली पूर्णा. नदीच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जाड थरांत मीठ मुरलेलं आहे. पायथ्याच्या गावांत पाणी गोड लागतं, आणि दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतल्या पूर्णेकाठच्या गावांत बोअर घेतली तर तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही आणि अंघोळ केली तर केसांच्या जटा होतात. म्हणून वानच्या हनुमान सागरावरून ८४ खेडी योजना आली आणि अमरावतीच्या बाजूला शहानूरवरून योजना झाली. त्या येण्याआधी बायका पाण्यासाठी किती चालल्या आहेत ते मी बघितलं आहे. योजनांना नावं ठेवण्यासाठी हे पत्र नाही.

या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो: खारं ते वाईट, गोड ते चांगलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका गावात नाल्याच्या काठी एक उथळ विहीर होती. अख्ख्या शिवारात गोड पाण्याची तेवढीच, लोकांचा तिच्यावर फार जीव. अक्षय्य तृतीयेची घागर तिथूनच भरायची. श्रावणात गावात हगवण लागली. दोन दिवसांत चाळीस-पन्नास माणसं उपकेंद्राच्या ओसरीवर होती, आणि बाजेला दोरी बांधून आम्ही सलाइनच्या बाटल्या लटकवल्या. विहिरीचा नमुना अयोग्य आला. त्याच गावच्या खाऱ्या हातपंपाचा नमुना जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ होता. मी घरोघर सांगत फिरले की विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय घेऊ नका. तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, “सिस्टर, गोड पानी खराब कसं राहीन व? जिभीले त कायीच लागत नायी.” जिभेला लागत नाही ही तिची तक्रार नव्हती, तो तिचा पुरावा होता. नालीचं पाणी विहिरीत झिरपत होतं, पण विहिरीचं पाणी गोडच लागत होतं.

म्हणून ‘पाणी चांगलं आहे का’ हा एकच प्रश्न विचारून चालत नाही. त्यात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. पाण्यात जंतू आहेत का? क्षार किती आहेत? आणि नायट्रेट, फ्लोराइड यांसारखं चवीला, रंगाला, वासाला न कळणारं काही विरघळलेलं आहे का? यातला फक्त मधला प्रश्न जीभ सोडवू शकते. बाकी दोन प्रश्नांना जिभेचा काही उपयोग नाही.

आता ज्या प्रसंगाने मला हे पत्र लिहायला बसवलं तो सांगते. यंदा पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक सून तिच्या तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन माझ्याकडे आली. दूध कमी पडतं म्हणून डब्याची पावडर सुरू केली होती. मोठी लाइन फुटल्यामुळे नळाला अकरा दिवस पाणी नव्हतं. घरातलं साठवलेलं संपलं, म्हणून शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी ती वापरत होती. आमचा तो हातपंप खारा नाही, म्हणून लोक त्याला चांगला समजतात. पोरगी शिकलेली आहे आणि काळजी घेणारी आहे. म्हणाली, “काकू, मी वीस-वीस मिनिटं उकळते.” हे उकळणं तिला मीच शिकवलं होतं. बाळंतपणात, लसीच्या दिवशी, प्रत्येक वेळी मी एकच वाक्य म्हणत आले आहे: पाणी उकळून द्या.

ग्रामपंचायतीच्या कपाटात जल जीवन मिशनची तपासणी पेटी आहे. गावातल्या पाच बायकांना तिचं प्रशिक्षण मिळालेलं आहे, त्यातली एक माझी जाऊ. पेटी उघडली तर अर्ध्या बाटल्यांची मुदत संपलेली. नायट्रेटची मात्र चालू होती. हातपंपाचं पाणी नळीत घेतलं, पुडी टाकली, हलवलं, थांबलो. रंग गुलाबी होत होत गडद झाला. तक्त्याशी लावून बघितला तर ४५ च्या पट्टीच्या बराच पुढे. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की लिटरमागे नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. क्षारांच्या बाबतीत मानक थोडी मोकळीक देतं. ५०० पर्यंत असावेत, पण दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असं म्हणतं. नायट्रेटला अशी मोकळीक अजिबात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. बाळाचे ओठ आणि नखं निळसर होतात, बाळ मलूल पडतं, आणि वेळेत ओळखलं नाही तर दगावतं. हे नायट्रेट उकळल्याने जात नाही. उकळताना पाणी वाफेवाटे कमी होतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे खाली उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून ते जात नाही, टीसीएलने जात नाही, दुहेरी फडक्याने गाळूनही जात नाही. ती पोरगी वीस मिनिटं इमानेइतबारे उकळून आपल्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी पाजत होती, आणि ते माझ्या शिकवणीवरून.

बाळ सुखरूप आहे. आम्ही त्याच दिवशी हातपंप बंद करायला लावला. शेजारच्या घरच्या रांजणातलं नळाचं पाणी घेऊन ते उकळी येताच उतरवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोरीला जवळ बसवून पाजायची पद्धत सुधारली, आणि पंधरा दिवसांत वरची पावडर सुटली. आईने नायट्रेटचं पाणी प्यालं तरी दुधात ते फारसं उतरत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचा पाण्याचा घोटही नको, हे आम्ही पोषणासाठी सांगतो. आमच्यासारख्या गावात ते पाण्यासाठीही तितकंच खरं आहे.

हे नायट्रेट आलं कुठून? हातपंपाच्या भोवती बघितलं की कळतं. एका बाजूला उकिरडा, दुसऱ्या बाजूला गोठे, आणि दहा-बारा पावलांवर संडासाचा शोषखड्डा. संडास बांधले ही फार मोठी गोष्ट झाली, पण खड्डा पाण्याच्या स्रोतापासून निदान १५ मीटर लांब हवा, हे खोदणाऱ्याला कुणी सांगितलं नाही. शिवारात युरियाच्या गोण्या पडतात, पाऊस तो धुऊन खाली नेतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात देशातल्या जवळपास पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर आहे, आणि महाराष्ट्राचा आकडा तीनातल्या एका नमुन्यापेक्षाही जास्त आहे. विशेष चिंतेच्या जिल्ह्यांत बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, वर्धा ही आपल्या विदर्भाची नावं आहेत. शेजारच्या जिल्ह्यातलं पाणी हद्दीवर येऊन थांबत नाही.

फ्लोराइडचंही असंच. माझी धाकटी बहीण पांढरकवड्याकडे दिली आहे. तिच्या दोन्ही पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. पोरं दात घासत नाहीत म्हणून ती त्यांना रागवायची आणि कोळशाने घासायला लावायची. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, अगदी नाइलाजाने १.५. त्याहून जास्त पाणी लहानपणापासून पोटात गेलं की आधी दात आणि पुढे हाडं धरतं. ते पट्टे घासून जात नाहीत. पोरांचा काही दोष नव्हता. त्या बोअरचा अहवाल कुठल्या तरी टेबलावर नक्की असणार. माझ्या बहिणीच्या घरापर्यंत तो आला असता, तर त्या पोरांची बोलणी तरी वाचली असती.

आता आमच्याकडे प्रत्येक गावात थंड पाण्याचा जार पोचला आहे. लग्नात, तेरवीत, दुकानात निळा जार दिसतोच. विकणारा लोकांसमोर पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून दाखवतो, नळाचं पाणी ६००, आमचं ४०. लोक खूश होतात. ते मीटर खोटं नसतं, पण त्याला एवढंच कळतं की पाण्यात एकूण क्षार किती आहेत. जिनिंगवरचा काटा गोणीचं वजन सांगतो, आत चांगला कापूस आहे की कवडी, म्हणजे किडका कापूस, मिसळलेली आहे ते सांगत नाही, तसंच हे. जंतू तर त्या मीटरला दिसतच नाहीत. आरओची जाळी क्षार काढते, नायट्रेट आणि फ्लोराइडही बऱ्याच अंशी काढते, ते खरं. पण नंतर त्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, आणि ते न धुतलेल्या जारमध्ये, उघड्या टाकीत, हात बुडवून भरलेलं असलं तर जंतूंना तिथे अडवणारं काही नसतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. त्या वेळी तपासणीत कितीतरी खासगी आरओ केंद्रांचं पाणीही पिण्यास अयोग्य निघालं आणि महापालिकेने ती बंद केली. तिथली माणसं निष्काळजी नव्हती. पैसे मोजून, मुद्दाम ‘शुद्ध’ म्हणून ते पाणी घेत होती.

किडनीचाही उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण खारपाणपट्टा म्हटलं की तोच विषय निघतो. आमच्या भागात डायलिसिसला जाणारी माणसं मी स्वतः बघते आहे, त्यांच्या घरांचं काय होतं तेही बघते आहे. खारं पाणी वर्षानुवर्षं पिणं वाईट, यात वाद नाही. पण सगळं खापर पाण्यावर फोडून बाकीच्या गोष्टींकडे डोळेझाक होते, याचं वाईट वाटतं. वाढलेला रक्तदाब आणि साखर न तपासणं, कंबर दुखली की मेडिकलमधून दुखीच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणं, भर उन्हात निंदण करताना दुपारपर्यंत घोटभर पाणी न पिणं, हे सगळं किडनीवरच येतं. पाण्याचा आकडा गावाला माहीत असेल, तर डॉक्टरांनाही पुढचा विचार करता येईल. तो माहीत नसला की नुसत्या अफवा चालतात.

टीसीएलबद्दल थोडं. ही पावडर ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ओल लागली, ऊन लागलं, पोतं उघडं राहिलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणं म्हणजे विहिरीत चुना टाकणं. टीसीएल बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी वापरायची, आणि अर्धा तास तरी पाणी सोडायचं नाही, हे पाणी सोडणाऱ्याला माहीत असतं. पण लोकच त्याला म्हणतात, औषधाचा वास येतो, कमी टाक. सकाळी पहिला हंडा भरायला आलेली बाई तोंडावर बोलते आणि तो बिचारा कमी टाकतो. तो हलका वास म्हणजे पाणी राखलेलं आहे याची खूण आहे, हे आम्ही आरोग्याच्या लोकांनी समजावून सांगायला हवं होतं. जिथे आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि ड्रमात साठवावं लागतं, तिथे तर साठवणीतच क्लोरीन निघून जातो. त्या घरांनी ओगराळ्याने पाणी घ्यावं, हंड्यात हात बुडवू नये, आणि आशाताई मेडिक्लोरची बाटली देते तिचे थेंब टाकावेत. ती बाटली देवघराच्या फळीवर न उघडता ठेवलेली मी पुष्कळ घरांत बघितली आहे.

आता मागणी. सरकारकडे माहिती नाही असं नाही, उलट भरपूर आहे. जल जीवन मिशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा व्हायची असते. आपल्या राज्यात एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका मोठा. पाच वर्षं सलग हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. आपल्या गावाला कुठल्या रंगाचं कार्ड आहे, हे मी आमच्या बचतगटात विचारलं. सतरा बायकांपैकी एकीलाही माहीत नव्हतं. रेशनचं कार्ड केशरी की पिवळं हे मात्र प्रत्येकीला तोंडपाठ. मिशनच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की तपासणीचे निकाल दिसतात, पण ती पानं, त्यातली संक्षेपांची अक्षरं आणि आकडे बघून माझी जाऊसुद्धा गोंधळते, आणि ती स्वतः तपासणी करणारी आहे.

म्हणून आपल्याला विनंती, आपण हे घरात आणा. महिन्यातून एक दिवस, एका तालुक्याचा तक्ता. गाव, कुठला स्रोत, नमुना कुठल्या तारखेचा, जंतूंच्या दृष्टीने योग्य की अयोग्य, टोकाच्या घरी क्लोरीन होता का, क्षार किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती. आणि शेवटचा रकाना मराठीत, साध्या शब्दांत: ‘उकळून चालेल’, ‘उकळून चालणार नाही, पिऊ नका’, ‘वापरायला चालेल, प्यायला नको’, ‘चांगलं आहे’. तेवढाच रकाना वाचून एखादी आई शहाणी होईल. नमुन्याची तारीख मात्र गाळू नका. तीन वर्षांपूर्वीचा ‘योग्य’ आज कामाचा नाही. ज्या गावाचा नमुनाच घेतलेला नाही, त्याच्यापुढे जागा कोरी ठेवा. लोक त्याबद्दल विचारतील.

असा तक्ता छापल्याने गावाची बदनामी होईल, लग्नं मोडतील, असं माझ्या ओळखीच्या एका सरपंचांनी मला सांगितलं. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. खाऱ्या गावात मुलगी द्यायला लोक खरोखर मागेपुढे बघतात. पण आज आमच्या पोरी कुठल्या पाण्याच्या गावात जातात, हे त्यांच्या आईबापांनाही माहीत नसतं. आणि अहवाल खराब आला की तो सुधारता येतो. शोषखड्डा हलवता येतो, पाइप नालीतून काढता येतो, हातपंपावर लाल रंग मारता येतो. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी याच मुलखात गावोगाव लोकांसमोर झाडू धरला, तेव्हा घाण दाखवल्याने गावाची अब्रू जाते असं कुणी म्हटलं नाही.

ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच यांनाही आपल्या मार्फत सांगणं आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शेवटचा अहवाल मोठ्याने वाचा. १ मेच्या सभेत पुन्हा वाचा. कागद तुमच्याकडे आहे, वाचायला पाच मिनिटं लागतील. आणि वाचकांना सांगते, ग्रामपंचायतीत जाऊन तपासणी पेटी कुठे आहे ते विचारा, तिच्यातल्या बाटल्यांच्या मुदती बघा. घरची बोअर असेल तर स्वतःचा नमुना प्रयोगशाळेत न्या, सरकारी प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात सामान्य माणसालाही तपासून देतात. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि वरचं दूध चालू असेल, तर त्या घराने बोअरच्या किंवा हातपंपाच्या पाण्याचं नायट्रेट कळल्याशिवाय एक थेंबही वापरू नये.

तक्त्याची सुरुवात आमच्या गावापासून करा. गेल्या आठवड्यात जाऊबाई, आशाताई आणि मी मिळून केलेली ही तपासणी आहे, प्रयोगशाळेची नाही, पण खरी आहे. योजनेचा नळ, टाकीजवळचं घर: क्लोरीन आहे. योजनेचा नळ, बौद्धवाड्यातलं शेवटचं घर: क्लोरीन नाही, पाणी उकळून घ्यावं. मारुतीच्या पाराजवळची विहीर: जंतुतपासणीची बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली, उकळूनच घ्यावं, विहिरीला पुन्हा टीसीएल टाकायला सांगितलं आहे. नदीकडची बोअर: फार खारट, वापरायला चालेल, प्यायला नको. शाळेजवळचा हातपंप: नायट्रेट ४५ च्या बरंच वर, उकळून चालणार नाही. त्याचा दांडा काढून ठेवला आहे. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत अजून तिथे जातात आणि परत येतात, म्हणून त्यांच्यासाठी नळाच्या पाण्याची वेगळी टाकी बसवावी असा अर्ज दिला आहे. पोच मिळाली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. अकोट, जि. अकोला
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळा जोडला आहे.)